जित्या अर्जुनाचं दहावं

अर्जुनाच्या दहाव्याला कावळा इतक्या झटकन शिवला, की भटजींचं बोट अजून वाटीतच होतं. पिंड ठेवला, आम्ही चार पावलं मागं सरलो, तोवर कावळा भजं घेऊन पळाला. एरवी आमच्या वसना नदीच्या काठावर कावळ्याची तासतासभर मनधरणी करावी लागते. एकदा आमच्या चुलत्याच्या दहाव्याला अर्धं गाव उन्हात बसलं होतं. कुणी म्हणालं शेताची वाटणी नीट करू, कुणी म्हणालं धाकट्याचं लग्न करू, कावळा ढिम्म. शेवटी चुलती म्हणाली, "आवं, तुमची म्हस इकत न्हाई म्या," तवा कुठं आला. अर्जुनाला मात्र कसलीही कबुली द्यावी लागली नाही. काठावर बसलेली मंडळी म्हणाली, "बघा, गडी कसा होता आन् किती समाधानानं गेला. काय इच्छा मागं ऱ्हायली न्हाई."

आता खरी गंमत अशी, की त्या घटकेला अर्जुना नागपूरच्या जेलात सतरंजीच्या मागावर बसला होता आणि त्याची फक्त एकच इच्छा मागं राहिली होती.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो.

अर्जुना आणि मी गावच्या शाळेत एका बाकावर. सातवीनंतर मी पुढं एसटीत ड्रायव्हर झालो, तो बैलांत रमला. कोरेगाव तालुक्यात शर्यतीचं बैल कुणाचं, तर अर्जुनाचं. बैलासाठी स्वतः न खाता अंडी राखून ठेवायचा. बायको बाळंतपणात गेली, तान्ही पोर शिवांजली आई हरणाबाईच्या पदरात. धाकटा भाऊ नानासो शेत बघायचा. अर्जुना रागीट, पण तो राग तोवर गावापुरता होता. एकदा त्यानं मास्तरांची सायकल चिंचेच्या झाडावर चढवून ठेवली होती, का तर मास्तरांनी नानासोला कोंबडा केला होता. भावावर असा जीव.

मग ती शर्यत झाली. पंचवीस वर्षं झाली असतील. निकालावरनं भांडण पेटलं. समोरच्या गाडीवाल्यानं नानासोच्या मुस्काटात मारली. अर्जुना जू सोडत होता. हातात शिवळ होती, जुवातली ती दंडुक्यासारखी लाकडी खुंटी. एकच फटका. माणूस जाग्यावर गेला. अर्जुनाला जन्मठेप झाली.

जन्मठेपेतला माणूस साधारण खाली मान घालून राहतो, माफीचे दिवस साठवतो. आमच्या गड्यानं उलटं चालवलं. पहिल्याच वर्षी बराकीत अमृत नावाच्या दादा माणसाचा कान दातानं तोडला. कारण काय, तर अमृत म्हणाला, "तुझ्या भावामुळं आत आलास, आणि भाऊ बाहेर मजा मारतोय." कान तोडला आणि वर जेलरसाहेबांना म्हणाला, "ज्या कानानं भावाची चुगली ऐकली तो न्हेला, दुसरा ठेवलाय." तवापासून त्याचं नाव कानतोड्या. पेपरात आलं. त्यासाठी वेगळी शिक्षा. मग एका शिपायाचा हात मोडला, त्याची वेगळी. एका जेलातनं दुसऱ्या जेलात, कोल्हापूर, नाशिक, नागपूर. नवीन जेलात गाडी पोचायच्या आधी नाव पोचायचं. मला एसटीत एक सुटलेला कैदी भेटला होता. तो म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, कानतोड्या बराकीत आला की आम्ही टोप्या कानावर ओढून झोपायचो."

आणि मुदपाकखान्याची गोष्ट ऐकाच. बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी आली ते साल. आत पेपर वाचला तसा गडी भडकला. धान्याच्या खोलीत एका शिपायाला कोंडलं, बाहेर स्वतः आमटी ढवळायचा भलामोठा डाव घेऊन बसला. साहेब धावत आले.

"अर्जुना, काय पाहिजे तुला?"

"शर्यती चालू करा."

"अरे बाबा, ते माझ्या हातात आहे का? सुप्रीम कोर्टाचं आहे ते."

"मग लावा फोन कोर्टाला. मी बसलोय हितं."

दिवसभर बसला, रात्री आपणच कुलूप काढलं. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं हे सांगताना. पण त्याला माणूस लय भ्यायचं, हेही खरं. त्याचे डोळे बदलले की समोरच्यानं वाट सोडायची.

शेवटी साहेबांनी डोकं लढवलं. गावाकडनं त्याची आई बोलावली. हरणाबाई शिवांजलीला घेऊन गेली, मी सोबतीला. पोर पंधरा वर्षांची झाली होती. बाप आठवतही नव्हता तिला. जाळीच्या त्या अंगाला अर्जुना, ह्या अंगाला आम्ही. गडी पोरीकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "शिवा, तुझ्या लग्नाला बोलावशील का मला?"

पोरीनं मान हलवली.

बस्स. त्या हललेल्या मानेवर अर्जुनानं पुढची दहा वर्षं काढली. साहेबानंही सांगितलं, की आता एकजरी हाणामारी केलीस तर लग्न काय, बारसंही दिसायचं नाही. त्या दिवसापासून गड्यानं हात उचलला नाही. एका उनाड पोरानं ताटात थुंकून दाखवलं, का तर कानतोड्या खरंच निवलाय का बघू. अर्जुनानं ताट धुतलं, परत वाढून घेतलं. मागावर सतरंज्या विणायला शिकला. सगळ्यात चांगली एक वीण पोरीच्या पाठवणीसाठी म्हणून मनात धरून ठेवली.

हरणाबाई वारली. माझं भेटीला जाणं थांबलं. गुडघे गेले आणि नागपूर काय जवळ आहे? अर्जुना जेलातनं महिन्यातनं एकदा नानासोला फोन करायचा, नानासो मला खुशाली सांगायचा.

मग एका दसऱ्याच्या सुमाराला नानासोनं अर्जुनाला फोनवर सांगितलं, "दादा, शिवाचं जमलं. पोरगा मिलिटरीत हाय, धैर्यशील. तासगावकडचं घर. अक्षय तृतीयेला लग्न."

तर अर्जुना आनंदानं ओरडला, "आरं, मी चैत्रात सुटतोय! माफी धरून हिशेब लागलाय. येतो मी!"

हे मला अर्जुनानंच नंतर सांगितलं. म्हणाला, "लाला, मी येतो म्हणालो आन् फोनवर नुसता आवाज गेला गड्या त्याचा. मला वाटलं, रडतोय आनंदानं."

पुढच्या महिन्यात फोन लावला तर नंबर बंद.

आणि इकडं दिवाळी झाल्यावर नानासो घाईघाईनं नागपूरला गेला. चार दिवसांनी लाल फडक्यात बांधलेला लोटा घेऊन आला. "दादा झटक्यानं गेला. जेलच्या लोकांनीच अग्नी दिला." मी पारावर बसून लहान पोरासारखा रडलो. तो लोटा वसनेपर्यंत मी मांडीवर धरून नेला, कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या हातानं राख सोडली. नंतर कळलं, ती गुऱ्हाळाच्या चुलवाणातली होती. दहाव्याला भजी, तंबाखू, बैल हाकायचा चाबूक, सगळं त्याच्या आवडीचं मांडलं. कावळ्याचं मघाशी सांगितलंच.

मग फ्लेक्स लागला. आजकाल फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस मेला असं कुणी मानत नाही. शर्यतीतला अर्जुनाचा फेट्यातला फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली शोकाकुल मंडळींचे गोल गोल फोटो. त्यात मीही, गॉगल घातलेला. नातवाच्या वाढदिवसाचा फोटो पोरांनी परस्पर उचलला होता. महिनाभरानं फ्लेक्स उतरला आणि वेशीवरच्या धोंडुबाईनं नेऊन आपल्या शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, रचलेल्या हुडव्यावर झाकला. ताडपत्रीपेक्षा तो बरा टिकतो.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी अर्जुना फाट्यावर एसटीतनं उतरला. नवा सदरा, खांद्यावर पिशवी, बगलेत सतरंजीची गुंडाळी. पंचवीस वर्षांनी गाव बघत बघत येतोय, तर वेशीवर स्वतःचं तोंड. शेणींच्या हुडव्यावर पसरलेलं, वर दोन दगड ठेवलेले.

धोंडुबाई शेणी काढत होती. तिला म्हणाला, "म्हातारे, हा कोण गं?"

तिनं वर न बघताच सांगितलं, "त्यो व्हय? कानतोड्या अर्जुना. मेला की जेलात दिवाळीला. दहाव्याचं जेवाण झ्याक हुतं, बुंदी केलती."

"बुंदी केलती?"

"व्हय तर. तू कुठला पाव्हणा?" म्हणून तिनं मान वर केली. मग शेणींची पाटी तिथंच टाकून म्हातारी जी पळाली, ती थेट मारुतीच्या देवळात. सत्तरीतली बाई, पण त्या दिवशी तिनं सगळ्यांना मागं टाकलं असतं.

अर्जुना सरळ माझ्या घरी आला. मी ओसरीवर शेंगा सोलत होतो. मी ओरडलो नाही. तोच म्हणाला, "खाली रांगेत तू बी हाईस की रं लाला. गॉगल लावून रडतोस व्हय?"

मी त्याचा हात धरला. गरम होता. मग मी जे रडलो, ते दहाव्यापेक्षा जास्त. माझी बायको राहीबाईनं आतनं भाकरी आणली, ताट हातातच धरून उभी राहिली. ठेवावं का नाही तिला समजेना.

मी त्याला सगळं सांगितलं. लोटा, भटजी, कावळा. तो ऐकत होता. कावळ्याचं सांगितलं तसा हसला. "लगीच शिवला?"

"लगीच."

"मग कावळ्याला बी नानानं सांगून ठिवलं असंल."

आणि मग त्याचे डोळे बदलले. मला ते डोळे ठाऊक होते. भाकरीचा तुकडा तसाच ठेवला आणि म्हणाला, "नाना कुठं हाय?"

नानासो कुठं होता? मांडववाल्याच्या टेम्पोत, गाद्यांच्या ढिगाखाली. बातमी गावभर झाली होती. पोलीस पाटलानं टोपी घातली, काढली, परत घातली. हळदीच्या मांडवात गाण्याचा आवाज एकदम बंद झाला. सगळं गाव म्हणत होतं, आज अर्जुना भावाला सोडत नाही. ज्याच्यासाठी माणूस मारला, ज्याच्यासाठी कान तोडला, त्यानंच जित्याचं दहावं घातलं.

दिवस मावळायच्या आधी माझ्या दारात शिवांजली आली. एकटी. तोंडाला हळद, हातात हिरवा चुडा. अर्जुना उठून उभा राहिला. मला वाटलं, आता पोर गळ्यात पडेल.

ती उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, "नानांना काही करू नका."

"शिवा..."

"त्यांनी मनानं नाही केलं. मी सांगितलं त्यांना."

अर्जुनाला कळलंच नाही. तो माझ्याकडं बघायला लागला, जणू मी सांगेन ती काय बोलली.

"मी सांगितलं," ती परत म्हणाली. "बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, वडील काय करतात. नाना गप्प झाले. मीच म्हणाले, आजारी आहेत, नागपूरला असतात. मग तुमचा फोन आला, येतो म्हणून. तुम्ही आला असता तर सगळं निघालं असतं. शाळेत मला कानतोड्याची पोर म्हणायचे. पोरं कानावर हात ठेवून पळायची मी आले की. तिकडं मला कुणी ओळखत नाही. मला तिकडं जायचंय."

"तू मान हलवली हुतीस," अर्जुना म्हणाला.

"भ्याले होते मी. जाळीतनं तुम्ही बघत होता, शेजारी बंदूकवाला उभा. मी नाही कशी म्हणणार होते?"

बाहेर गल्लीत पन्नास माणसं उभी असतील, पण खोकायचं धाडस कुणाला नव्हतं. मी अर्जुनाच्या हाताकडं बघत होतो. हात लोंबत होते, नुसते.

मग त्यानं जे केलं, त्यापेक्षा त्यानं मारलं असतं तरी मला सोपं गेलं असतं. तो विनवायला लागला. कानतोड्या अर्जुना! "मी बाप म्हणून न्हाई येत. लालासंगं बसतो मागं. पाव्हणा म्हणून. अक्षता टाकतो आन् जातो. जेवत बी न्हाई."

शिवांजलीनं मान खाली घातली. "कार्यालयात तुमचा फोटो लावलाय. हार घालून. त्यांच्या घरची सगळी पाया पडणार. तुम्ही खाली बसला तर ओळखतील."

फ्लेक्सवरचाच फोटो मोठा करून लावला होता. त्यानं सतरंजी पुढं केली. ती म्हणाली, "कुणी दिली म्हणून सांगू?" आणि गेली. लहान पावलं टाकत गेली, कारण हळदीचं लुगडं पायात येत होतं.

रात्री तो जेवला नाही. नानासोचं नाव त्यानं परत काढलं नाही. नानासो टेम्पोतनं बाहेर आला, माझ्या दारापर्यंत आला, दाराबाहेरच कपाळ टेकवून गेला. अर्जुनानं आतनं बघितलं आणि कूस बदलली.

सकाळी मी इस्त्रीचे कपडे घातले. लग्नाला जायचं का नाही, मला समजेना. अर्जुनाच म्हणाला, "जा. आन् मंगलाष्टका लागल्या की मला राहीवैनीच्या फोनवर लाव. तसाच खिशात ठेव. ऐकतो मी."

"आरं पण..."

"ऐकण्यात काय फोटो दिसत न्हाई माझा."

कोरेगावचं कार्यालय, हजार माणूस. मी फोन लावला, वरच्या खिशात ठेवला. फेटे बांधलेली मंडळी, मिलिटरीतले जवान रांगेत, पोरगा देखणा, खोटं कशाला बोलू. पोरगी तर अशी दिसत होती की अर्जुनाची बायकोच परत आल्यासारखी. अंतरपाट धरला. आणि मंगलाष्टकांआधी तो माईकवाला निवेदक उभा राहिला. ह्या लोकांना माईक दिला की सुटतच नाहीत. म्हणाला, "आज या मंगलप्रसंगी शिवांजलीचे वडील कैलासवासी अर्जुनाजी आपल्यात नाहीत. परंतु एक देवमाणूस, बैलांवर पोटच्या पोरासारखं प्रेम करणारा, कधी कुणाला अपशब्द न बोलणारा..." आणि असं बरंच. "त्यांची जागा चुलते नानासो यांनी भरून काढली. दोन मिनिटं शांतता पाळूया."

हजार माणूस उभं राहिलं. आमच्या गावची चारशे त्यात होती. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे माना खाली घालून उभे राहिले आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मी खिशाला हात लावून उभा होतो. त्या शांततेत माझ्या खिशातनं अर्जुनाचं खोकणं ऐकू येतं का काय, अशी मला धास्ती. पण काही आलं नाही. मंगलाष्टका सुरू झाल्यावर फोन बाहेर काढून बघितला. त्यानं तो कधीच बंद केला होता.

घरी आलो तर तो नव्हता. राहीबाई म्हणाली, "पिशवी घेऊन गेले. म्हणाले, माझं नाव घेतलं तवा पोरीनं मान वर केली का, एवढं लालाला इचारायचं हुतं. मग म्हणाले, ऱ्हाऊ दे."

केली नव्हती. मी बघितलं होतं.

आता तो मिरजेला असतो. जेलातनं सुटलेला एक सोबती तिथं तंबोऱ्याचे भोपळे पोखरून वाळवायचं काम करतो, त्याच्याकडं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. हात अजून तसेच रानटी आहेत, पण भोपळ्याला तडा जाऊ देत नाही. तिथल्या कुणालाच त्याचं दहावं झालंय हे ठाऊक नाही, त्यामुळं तिथं तो जिवंत आहे. मी गेलो की शाळेच्या, बैलांच्या गोष्टी सांगतो, तो हसतो. सुप्रीम कोर्टाला फोन लावायची गोष्ट तर तिथल्या कारागिरांनी माझ्याकडनं तीनदा ऐकली.

गेल्या महिन्यात मी गेलो ते मुद्दाम. शिवांजली बाळंतपणासाठी मिरजेच्याच दवाखान्यात होती. मुलगा झाला. नानासो पेढे घेऊन गेला होता, त्यानंच मला सांगितलं, कुठला दवाखाना, कुठला मजला. मी अर्जुनाला सांगितलं. त्याच्या दुकानातनं दवाखान्याची पाटी दिसते, चालत गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचेल माणूस.

"जा की," मी म्हणालो. "आरं, दवाखान्यात शेकडो माणसं असत्यात. कोण वळखतंय? लांबनं काचेतनं बघ नातवाला."

त्यानं भोपळा मांडीवर फिरवला, आत हात घालून बिया खरवडल्या.

"बोलावलंय का तिनं?" त्यानं विचारलं.

मी खाली सांडलेल्या बिया गोळा करायला लागलो.

"एकदा न बोलावता गेलो हुतो गड्या," तो म्हणाला. "आता न्हाई जायचो."